बोगद्याचं दुसरं टोक

सोमवार, ४ मार्च

कंपनीचा टायवाला आज पुन्हा आला होता. पेशंटांच्या बाकावर बसून ताईच्या मागे लागला होता, की तुमचे सगळे एक्स-रे आमच्याकडे ठेवायला द्या, डॉक्टरसाहेबांना घरी पडल्यापडल्या दिसतील. मी विचारलं, जोडणी कशी करता? म्हणाला, सिक्युअर असते. मी म्हटलं, कशी असते ते नाही विचारलं, कशी करता ते विचारलं. तो ताईकडे बघून हसला. आपण विकतो ती वस्तू आतून कशी आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने टाय लावू नये. दारापर्यंत पोचवून आलो.

भाऊजी माळ्यावरची पेटी काढायला शिडीवर चढले आणि पेटीसकट खाली आले. कमरेचा मणका दुखावलाय. दोन महिने अंथरूण सोडायचं नाही. क्लिनिक त्यांचं. फोटो काढायला माणूस आहे, पण फोटो वाचून रिपोर्ट लिहायचा तो त्यांनीच. तेव्हा फोटो घरी दिसले पाहिजेत. एवढ्यासाठी टायवाला कशाला? या क्लिनिकमधली तारन् तार मी ओढलेली आहे. मी रेडिओ दुरुस्तीतून इथवर आलो, कुठल्या कॉलेजच्या पायरीवर बसलो नाही, पण मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. पदवीवाले मधलं पान उघडतात.

ताईला सांगितलं, मी बोगदा खणून देतो. ती म्हणाली, "खण बाबा, पण भिंती पाडू नकोस."

बुधवार, ६ मार्च

बोगदा झाला.

क्लिनिकच्या सर्व्हरवर फोटो दाखवणारा प्रोग्राम आहे. तो ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारात, बसतो आणि फक्त त्याच मशीनशी बोलतो. बाहेरच्या जगाला ते दार दिसतच नाही. बाहेरून आत यायला मी एकच दार ठेवलं, एसएसएचचं, म्हणजे कुलूपबंद जोडणीचं, आणि त्याला पासवर्ड चालत नाही. किल्ली लागते. किल्लीची फाइल जगात एकाच ठिकाणी, भाऊजींच्या अभ्यासिकेतल्या संगणकात. तो संगणक किल्ली लावून क्लिनिकला जोडून घेतो आणि स्वतःच्या ८०८० वर जे मागितलं जाईल ते कुलूपबंद करून पलीकडे नेतो, आणतो. वाटेत कोणी कान लावून बसला तरी त्याच्या पदरी कचरा.

या आनंदावर काउंटरवरच्या बाईंनी पाणी टाकलं. त्यांचा कीबोर्ड उचलला तर खाली चिकटपट्टीने पासवर्ड लावलेला! मी सगळ्यांदेखत विचारलं, घराची किल्लीही दाराबाहेर टांगून येता का. त्या म्हणाल्या, "दर पंधरा दिवसांनी तुम्ही बदलायला लावता. माझं डोकं आहे, सर्व्हर नाही." वर मला बोगदेसाहेब म्हणाल्या. श्वासधरा खुदकन हसला. (श्वासधरा म्हणजे आमचा फोटो काढणारा. दिवसभर "श्वास धरा, सोडा" म्हणतो, दुसरं बोलणं विसरलाय.) ठीक आहे. मीही आजपासून या बाईंना चिकटपट्टी म्हणणार.

शनिवार, ९ मार्च

भाऊजींना अभ्यासिकेतल्या खुर्चीत बसवत नाही. दोन मिनिटांत घाम फुटतो. त्यांची खाट दिवाणखान्यात आहे. ताई म्हणाली, माझा टॅब देते, त्यावर दाखव.

मी नाही म्हटलं. बोगद्याचं घरातलं तोंड फक्त त्या एका संगणकापुरतं उघडं आहे, आणि ते तसंच असायला हवं. टॅबवर स्वतंत्र किल्ली बसवायची, त्यातूनच स्वतंत्र बोगदा काढायचा, हे शास्त्रशुद्ध काम. अर्धा दिवस लागतो. ताई म्हणाली, "तुझं शास्त्र होईतो पेशंट बरे होऊन घरी जातील." भाऊजी कण्हत होते. शेवटी बोगदा उघडणाऱ्या हुकमाच्या ओळीत पुढे एक फुली घातली. एक तारका, बस्स. म्हणजे घराच्या वायफायवरचं कुठलंही यंत्र त्या तोंडातून आत बघू शकतं. घरात तरी परकं कोण आहे? टॅबवर फोटो आला.

भाऊजी म्हणाले, अक्षर फार लहान दिसतं. मी मान वळवली तर समोर भिंतीवर टीव्ही. त्यातही ब्राउझर असतोच. पत्ता टाकला, आणि हातभर छाती भिंतीवर! एकेक बरगडी मोजून घ्या. ताईने चक्क टाळी वाजवली. या घरात माझ्या कामाला टाळी पडायला शिडीवरून पडावं लागतं कोणीतरी.

मंगळवार, १२ मार्च

भाऊजींना भेटायला ताईच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मैत्रिणी आल्या होत्या. एकजात प्रश्न. हे कुठून येतं, मधे कोणी बघत नाही का, आमच्या घरी असं होईल का. एका बाईंना वाटलं मी केबलवाला. राग गिळला आणि नीट समजावून सांगितलं, की ही चोरवाट नाही, बंदिस्त वाट आहे. भल्याभल्यांना फोडता येणार नाही. भाऊजी तेवढ्यात एका छातीचा फोटो वाचत होते. फोटो किती स्वच्छ येतो ते दाखवायला मी तोच घेतला. उजवीकडचा पांढुरका ठिपका भाऊजींनी पाठ खाजवायच्या काठीने दाखवला. मी कोपऱ्यातलं नाव, वय आणि कोणी पाठवलं ते बारीक अक्षरही दारात उभं राहून वाचून दाखवलं. त्यांतल्या एकीचे यजमान बस डेपोचे साहेब आहेत. त्या म्हणाल्या, "अगंबाई, माणसाच्या आतलं सगळं दिसतं की." दिसणारच. केबलवाल्याने लावलेलं नाही ते.

सोमवार, १८ मार्च

क्लिनिकमध्ये तमाशा. एक बस ड्रायव्हर, चांगला आडवा माणूस, काउंटरवर मूठ आपटत होता. डेपोच्या वार्षिक तपासणीसाठी छातीचा फोटो काढून गेला होता. रिपोर्ट अजून लिहूनही झालेला नाही, आणि डेपोने त्याला बसवरून उतरवून ऑफिसात तिकिटांचे गठ्ठे बांधायला बसवलंय. त्याच्या सोबत्यांनी टीबीच्या भीतीने चहाचे कप वेगळे केलेत. चिकटपट्टी त्याला समजावत होती. तो तिच्याशी नाही, सगळ्या भिंतींशी बोलत होता.

"माझ्या छातीत काय आहे ते माझ्याआधी डेपोला कसं कळलं, एवढंच सांगा."

ताईला बोलावलं. ताईने माझ्याकडे बघितलं, आणि माझं डोकं फिरलं. माझ्याकडे का बघावं? मी सर्व्हरची नोंद काढली. त्या माणसाचा फोटो बोगद्यातून उघडलेला आहे, म्हणजे भाऊजींनी. ते त्यांचं कामच. आणि एकदा काउंटरच्या मशीनवरून. तिसरं कोणी नाही. बाहेरून किल्लीवाचून ठोठावणारे शेकडो, सगळे दारातूनच परत गेलेले. म्हणजे वाट पक्की. गळती आहे ती माणसाची. आणि माणसं म्हटली की मला चिकटपट्टी आठवते.

मंगळवार, १९ मार्च

ताईने सगळ्यांना बाकांवर बसवलं आणि मला विचारलं, तुझ्या जोडणीतून हे बाहेर गेलं असेल का? मी म्हटलं, छातीठोक सांगतो, नाही. मग कुठून? मी नोंद वाचून दाखवली आणि कीबोर्डखालच्या पासवर्डची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

काउंटरवरच्या बाई उभ्या राहिल्या. ड्रायव्हर चौकशीला आला तेव्हा फोटो निघालाय की नाही एवढं बघायला मी उघडला, म्हणाल्या. मग ताईने तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आठ वर्षं काउंटरवर होती. पेशंटच्या सख्ख्या मुलालाही बापाचा रिपोर्ट त्याच्या चिठ्ठीशिवाय दिला नव्हता, अशी तिची ख्याती. मी स्वतः तिच्याशी त्यावरून भांडलोय. पर्स उचलली, पाण्याची बाटली उचलली आणि माझ्यासमोर थांबली.

"बोगदेसाहेब, बोगद्याला दोन तोंडं असतात. तुम्ही माझ्याच बाजूचं तपासलंत."

जाताना शब्दांशी खेळायची हौस! घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "तिला सवड तरी द्यायची बोलायला." मी म्हटलं, नोंद बोलली. ही भांडी आवरायला उठली.

शुक्रवार, २२ मार्च

काउंटरवर नवी मुलगी आली आहे. ती रिपोर्ट कोणालाही देते, फक्त हसून देते.

टेबलांखाली वाकून वाकून मान धरली आहे. उजव्या हाताला मुंग्या येतात. क्लिनिक बंद करताना श्वासधराकडून गुपचूप मानेचा फोटो काढून घेतला आणि त्याला बजावलं, कोणाला कळता कामा नये. ताईला कळलं तर टेबलाखाली जायला तरुण माणूस ठेवेल. हिला कळलं तर उशी बदलण्यापासून सुरुवात होईल. भाऊजींना तेवढं फोनवर सांगितलं, जमेल तेव्हा बघा, बोलू नका. ते म्हणाले, मी कुणाशी बोलतोय, मी तर पडलोय.

मंगळवार, २६ मार्च



औषधांच्या दुकानात रांगेत उभा होतो. मागून आवाज आला, "पट्टा घेताय ना मानेचा? घ्याच. दोन मणके चिकटलेत तुमचे." वळून बघितलं तर ताईच्या मैत्रिणींपैकी एक. तीच, मला केबलवाला समजलेली. चारचौघांत, मोठ्या आवाजात.

मनात पहिलं आलं ते चिकटपट्टीचं नाव. लाज वाटते लिहायला, पण तेच आलं. मग लक्षात आलं, ती जाऊन आठवडा झाला. तिचं खातं मी स्वतः बंद केलंय. मग श्वासधरा? मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं हो?

"सांगायचं काय त्यात," बाई म्हणाल्या, "टीव्हीवर पाहिलं की आम्ही. काल चहाला गेलो होतो ना. तुमचं नाव होतं कोपऱ्यात. फार स्वच्छ दिसतं हो."

औषध न घेता बाहेर पडलो.

फूटपाथवर उभ्या उभ्या सगळं एकापाठोपाठ एक लागत गेलं. डेपोच्या साहेबांची बायको, त्या दिवशीची छाती, काठीने दाखवलेला ठिपका. आणि नाव वाचून कोणी दाखवलं? दारात उभं राहून, घसा साफ करून?

मी प्रत्येक काम झाल्यावर तपासतो. चालतं का, नीट चालतं का, वेगात चालतं का. जिथे चालू नये तिथे चालत नाही ना, हे मी या खेपेला तपासलंच नाही. वाटेवर पहारा ठेवला आणि वाट नेऊन सोडली दिवाणखान्यात, चहाच्या कपांमध्ये. हे मॅन्युअलमध्ये आहे. फुलीच्या ओळीखालीच इशारा आहे. मी तो वाचलेला आहे. वाचून घातली फुली.

बुधवार, २७ मार्च

ताईकडे गेलो. टीव्हीवर कोणाचा तरी गुडघा होता, आणि शेजारचे काका सोफ्यावर बसून तो बघत होते. काकांना म्हटलं, घरी जा. ते गेले. अभ्यासिकेत जाऊन फुली काढली. गुडघा गेला.

भाऊजी ओरडले, अहो, वाचत होतो मी. मग मी सगळं सांगितलं. ताई आधी पांढरी झाली, मग मऊ झाली, आणि तिचं मऊ होणं मला जास्त झोंबलं. म्हणाली, झालं ते झालं. मुद्दाम कोणी केलं नाही. ड्रायव्हरचा ठिपका जुना भरलेला व्रण निघाला, रिपोर्ट चांगला गेलाय. नवी मुलगी गोड आहे. आता उगाच उकरून क्लिनिकचं नाव कशाला घालवायचं?

"आणि बाईंचं नाव गेलं ते?"

"अरे, ते तूच सांगितलंस ना छातीठोक. मी तुझ्या शब्दावर केलं."

खरं आहे. म्हणूनच जास्त चिडलो. भाऊजी छताकडे बघत म्हणाले, टीव्हीवर फार छान दिसायचं. पंचेचाळीस वर्षं लोकांच्या आत बघतोय हा माणूस!

मी सांगून आलो, टॅबवर वेगळी किल्ली बसवून देतो, फक्त टॅबपुरती, भाऊजींच्या हातात राहील अशी. पण आधी बाईंना फोन करायचा, परत या म्हणून. फोन होईपर्यंत अभ्यासिकेच्या खुर्चीत बसायला शिका. ताई म्हणाली, मला धमकी देतोस? मी हो म्हटलं. लहानपणापासून पहिल्यांदा.

शुक्रवार, २९ मार्च

ताईने फोन केला. बाईंनी उचलला आणि म्हणाल्या, ज्यांनी सांगितलं त्यांना पाठवा.

हीच म्हणाली, जा, आणि पट्टा लावून जा. (मानेचं आता साऱ्या गावाला ठाऊक आहे, हिने उशी बदललीच.) बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मी मुद्दे काढून गेलो होतो: फुली, तोंड, वायफाय, टीव्ही. त्या ऐकत राहिल्या. आत कोणीतरी शिट्ट्या देणारा कुकर बंद केला.

"हे मला कशाला सांगताय?" त्या म्हणाल्या. "मला ठाऊकच होतं मी सांगितलं नाही ते. ज्यांच्यासमोर मला उभं केलंत, त्यांना सांगा. त्या ड्रायव्हरलाही बोलवा."

मी म्हटलं, एवढं लांबवायची गरज आहे का. त्या म्हणाल्या, नोकरी दातांच्या डॉक्टरांकडेही मिळते. आणि दार लावलं. आपटलं नाही. नीट, कडी घालून लावलं. मी जिन्यात बराच वेळ उभा होतो. तिच्यावर चिडायला कारण शोधत होतो, सापडेना.

मंगळवार, २ एप्रिल

तेच बाक, तीच माणसं. श्वासधरा, ताई, आणि भर म्हणून नवी मुलगी. बाई मागे, दाराशी. ड्रायव्हर खिडकीपाशी, कामावरून सुट्टी काढून आला होता.

मी उभा राहिलो. सुरुवात केली, की तांत्रिक दृष्ट्या पाहता जोडणीच्या एका टोकाला. बाई म्हणाल्या, "मोठ्याने. मागे ऐकू येत नाही."

मग तांत्रिक दृष्ट्या सोडून दिलं. म्हटलं, फोटो काउंटरवरून गेला नाही. टीव्हीवरून गेला. टीव्ही मी जोडला. नावही मीच वाचून दाखवलं. आणि बोट मी यांच्याकडे दाखवलं. हे सगळं मान ताठ ठेवून बोलावं लागलं, कारण पट्टा होता. श्वासधरा हसला नाही.

ड्रायव्हर म्हणाला, "बरं. मग माझी बस मिळेल का मला?"

चांगला रिपोर्ट डेपोत पोचून किती दिवस झाले, तो अजून गठ्ठेच बांधतोय. कप अजून वेगळेच आहेत. ताई म्हणाली, डॉक्टर स्वतः साहेबांशी बोलतील. तो म्हणाला, नको, तुम्ही लोक आता कोणाशी काही बोलू नका. आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. हे एक मला दुरुस्त करता येणार नाही आणि त्याचा राग आता कोणावर काढायचा, तेवढं कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही.

बाईंनी पर्स काउंटरवर ठेवली. नव्या मुलीला शेजारची खुर्ची दाखवली. मला म्हणाल्या, माझं खातं चालू करा.

गुरुवार, ४ एप्रिल

अर्धा दिवस लागला. टॅबवर स्वतंत्र किल्ली, बोगद्याचं तोंड टॅबच्या आतच, फुली नाही. अभ्यासिकेतली जुनी किल्ली रद्द. टॅबला कुलूप, क्रमांक भाऊजींनीच घातला, मी तोंड फिरवलं. बाईंच्या कीबोर्डखाली आता काही नाही. पंधरा दिवसांनी बदलायची सक्तीही काढली. तो नियम माझा होता आणि मूर्खपणाचा होता.

क्लिनिकला फोन केला आणि सांगितलं, झालं, टॅबवर चालतंय.

बाई म्हणाल्या, "चालतंय ते तुम्ही नेहमीच दाखवता. चालत नाही ते दाखवा."

फोन कानाला धरून दिवाणखान्यात आलो. सोफ्यावर ताईच्या मैत्रिणी होत्या, चहा चालू होता, खाटेवर भाऊजी टॅब छातीशी धरून. सगळ्यांसमोर टीव्ही लावला, पत्ता टाकला. चक्र फिरत राहिलं. मग पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ आली, की जोडता येत नाही. डेपोच्या बाई म्हणाल्या, अहो, बिघडलं वाटतं. मी फोनवर सांगितलं, दिसत नाही.

"परत बघा," पलीकडून आवाज आला. मागे काउंटरवर कोणीतरी रिपोर्ट मागत होतं आणि त्या त्याला चिठ्ठी विचारत होत्या.

परत बघितलं. मग माझ्या फोनवरून, मग ताईच्या फोनवरून. कुठेच दिसत नाही.

"परत," त्या म्हणाल्या.